रिकामी गाडी कॉलेजला जाते

माझा मामा ड्रायव्हर आहे, आणि त्याच्याइतकं शिस्तीत कॉलेजला जाणारं माणूस आमच्या खानदानात दुसरं झालं नाही. सकाळी आंघोळ, भांग, पांढरा शर्ट. पहिली घंटा व्हायच्या आत तो गेटसमोरच्या झाडाखाली गाडी लावायचा आणि शेवटची होईपर्यंत गाडी जागची हलायची नाही. फक्त वर्गात बसायचा नाही. वर्गात ज्यानं बसायचं, तो मुलगा गाडीत नसायचाच.

झाडाच्या बरोबर समोर आमचं दुकान. दुकान म्हणजे आईचं शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, पडद्यामागे कपडे घालून बघायला हातभर जागा आणि बाहेर पाटी, 'अल्टरेशन करून मिळेल'. नवीन कपडे आई शिवत नाही. लोक हौसेनं घेतात आणि मग अंगाला बसत नाहीत, असे कपडे ती त्यांच्या मापाचे करून देते. माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी दोरे तोडायला आणि बटणं लावायला. मान वर केली की समोर ती लांबलचक काळी गाडी आणि तिच्यात ताठ बसलेला मामा. आई ओठांत टाचण्या धरून म्हणायची, "बघ माझा भाऊ. मढ्याची गाडीसुद्धा कुणाला तरी घेऊन जाते."

मुलाला मामा 'छोटे सर' म्हणायचा, कारण 'मोठे सर' त्याचे वडील. छोटे सर वाक्य सुरू करायचे आणि मधेच त्यांना त्याचा कंटाळा यायचा. "मामा, ते जरा... असू दे." "मला ना आज... जाऊ दे." ही नक्कल मला फार छान जमते. खांदे पाडायचे, डोळे अर्धे मिटायचे आणि शेवटच्या शब्दातून हळूच हवा सोडायची, पंक्चर सायकलसारखी. मोठ्या सरांचं उलट. त्यांच्या वाक्याला सुरुवातच नसायची, नुसता शेवट. "कळलं?" "बघतो." "झालं?" मोठ्या सरांच्या फोनात ही गाडी निळा ठिपका होऊन दिसायची. ठिपका सकाळी कॉलेजपाशी, संध्याकाळी घरी, म्हणजे मुलगा व्यवस्थित शिकतोय. ठिपक्याची हजेरी शंभर टक्के होती.

सुरुवात अगदी साधी झाली. एका सकाळी छोटे सर गाडीपर्यंत आले, दार उघडलं, सीटकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "आज नको. मामा, तुम्हीच जाऊन या." जसं कुणाला कोपऱ्यावरून साबण आणायला पाठवतात. मामाला वाटलं, बरं नसेल. तो जाऊन आला. दुसऱ्या दिवशीही जाऊन आला. आज-उद्या करता करता परीक्षा येऊन गेली आणि मामा जातच राहिला.

घरी काय चालायचं? तर पार्टी. रात्रीची नाही, भर दुपारची. आई-वडील दोघं ऑफिसला गेले की पोरं यायची, मोलकरणी येतात त्या मागच्या लिफ्टनं, स्वयंपाकघराच्या दारातून. जाड पडदे ओढून बाहेरचं ऊन बंद करायचं, आत रंगीत दिवे लावायचे आणि रात्र करायची. पाचच्या आत ती रात्र आवरून, पडदे उघडून, पुन्हा दुपार मांडून ठेवायची.

मामाला तिथे बर्फासाठी बोलावत. पण गाडी हलली की ठिपका हलणार. म्हणून गाडी झाडाखाली, आणि गाडीचा ड्रायव्हर दोन पिशव्या बर्फ घेऊन बसमध्ये. एकदा शेजारच्या आजीबाई पाय उचलून म्हणाल्या, "अहो, मासे आहेत का त्यात? सगळं गळतंय."

"मासे नाहीत, आजी. पाणी आहे," मामा म्हणाला. "पोचेपर्यंत."

मामाला गोष्ट सांगता येत नाही. तो नुसता माल आणून टाकतो, शिवायचं काम माझं. एकदा त्यानं सांगितलं, तिथल्या एक ताई सोफ्यावर आडव्या होऊन म्हणाल्या, 'मी लिटरली मेले.' तेव्हापासून आमच्या घरी तिचं नाव 'लिटरली ताई'. "मी घाबरून पिशवी खाली ठेवली," मामा म्हणाला. "मेले म्हणाली, पण पाय हलवत होती. कुणी पाणीही देईना."

"मग?"

"मग काय. फोटो काढताना सगळे हसले. फोटो झाला, हसू उतरवून ठेवलं. लग्न नाही, मयत नाही, एवढी माणसं कशाला जमतात देव जाणे. एकमेकांशी बोलतही नाहीत."

"आणि छोटे सर?"

"कोपऱ्यात उभे. गाणं बदलत."

आता मामाचं सांगते. मामी नर्स आहे, दुसऱ्या गावात, लग्नाआधीपासून. मामा इथे, बिल्डिंगच्या तळघरात, गाड्या लावतात तिथल्या खिडकी नसलेल्या खोलीत. लिफ्ट खाली आली की भिंत हुंदका दिल्यासारखी हलायची. दोघं इतकी वर्षं सुट्टीपुरते नवरा-बायको. मग मामीनं बातमी आणली. तिच्या दवाखान्यासमोरच्या बस डेपोत एक ड्रायव्हर निवृत्त होतोय, साहेब ओळखीचे आहेत, पहिल्या तारखेला हजर व्हा म्हणतात. फक्त आत्ताच्या मालकांना फोन करून माणूस कसा आहे ते विचारतील. मामानं त्या दिवशी बूट दोनदा पुसले. बस चालवायची म्हणजे गाडीत माणसं असणार, याचंच त्याला अप्रूप.

छोट्या सरांना त्यानं लिफ्टपाशी गाठून सांगितलं. तो संवाद मी मामाकडून इतक्या वेळा वदवून घेतलाय की पाठ आहे.

"मामा, तुम्ही गेलात की बाबा नवीन ड्रायव्हर देणार."

"देतीलच की."

"तो मला खरंच कॉलेजला नेईल."

"न्यायलाच पाहिजे, छोटे सर."

"आणि मग बाबांना कळलं, की आधी रिकामी गाडी... म्हणजे चालवत तर तुम्हीच होतात. असू दे."

"धमकी दिली त्यानं तुला," आई मशीन थांबवून म्हणाली.

"धमकी नाही गं. धमकी असती तर मी काहीतरी बोललो असतो. तो आपला घड्याळात किती वाजले सांगावं तसं म्हणाला."

"मग तूच आधी जाऊन सांग मोठ्याला."

"काय सांगू? 'सर, इतके महिने तुमच्या पेट्रोलवर हवेला फिरवून आणलं?' दारात तरी उभं करतील का? आणि डेपोवाले फोन कुणाला करणार?"

मामा जाऊन गाडीत बसला. त्या दिवसापासून तो काचा नेहमीसारख्या अर्ध्या खाली ठेवीनासा झाला. पूर्ण खाली करायचा आणि हात बाहेर काढून बसायचा.

महिना संपत आला तसा छोट्या सरांचा वाढदिवस आला. अर्थात पार्टी. जेवणाच्या वेळेला मामाचा फोन वाजला आणि पलीकडून कुजबुज आली. "मामा, मला इथून घेऊन जा." स्वतःसाठी काही मागताना छोट्या सरांनी पूर्ण केलेलं हे पहिलं वाक्य.

मामा बसनं गेला. छोटे सर बाथरूममध्ये होते, कोरड्या टबाच्या कडेवर, नव्या कपड्यांत, बुटांसकट. मामानं त्यांना हॉलमधून बाहेर काढलं. रंगीत दिव्यांत बर्थडे बॉय दारातून निघून गेला आणि एकानंही 'कुठे चाललास' विचारलं नाही. बसमध्ये ते दांडीला लटकून प्रत्येक स्टॉपला विचारत होते, "आता उतरायचं?"

मामानं त्यांना आमच्या दुकानात आणून स्टुलावर बसवलं. आईनं चहा दिला. त्यांनी फोन इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, तोंड वर करून, आणि त्याच्याकडे बघत बसले.

"कुणाचा यायचाय?" आईनं विचारलं.

"नाही... बघू या म्हटलं, कुणाला कधी कळतं."

आईच्या दोन पँटी झाल्या. एका शर्टाची कॉलर उलटून झाली. इस्त्री तापली, गार झाली. फोन गप्प. मग अचानक उजळला आणि आम्ही चौघांनी एकदम त्यावर माना वाकवल्या. लिटरली ताईचा निरोप होता, सगळ्यांच्या ग्रुपवर. 'बर्फ लिटरली संपलाय. कुणीतरी मागवा ना.'

छोट्या सरांनी फोन पालथा घातला. आई चहाचे कप उचलायला लागली. ते अजून भरलेलेच होते, उचलायचं काही कारण नव्हतं.

मग ते म्हणाले, "मामा, मामी कुठे असतात?"

मामानं सांगितलं. दवाखाना, समोर डेपो, मधे एक खोली, खोलीला खिडकी, पहाटेची बस निघताना वाजवते तो हॉर्न. मामाला एवढं सलग बोलताना मी प्रथमच ऐकत होते. छोटे सरही ऐकत होते, डोळे पूर्ण उघडे ठेवून.

"तुम्हाला खरंच जायचंय."

"हो."

"मी करतो काहीतरी," ते म्हणाले, आणि शेवटच्या शब्दातून हवा सुटली नाही. माझ्या कानाला ते लगेच कळलं. मी मामाला चिमटासुद्धा काढला.

आणि केलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या सरांनी मामाला वर बोलावलं. "उद्यापासून नको. कळलं? किल्ली ठेवा." बस्स. मागे छोटे सर चेहरा फुलवून उभे. लिफ्टपर्यंत सोडायला आले, तेही पहिल्यांदाच.

"मामा, सुटलात. मी बाबांना सांगितलं, तुम्ही फोनवर बोलत गाडी चालवता, ब्रेक जोरात मारता, सिग्नल तोडता. एका मिनिटात काढलं बघा."

त्यांच्या घरात कुठलीही गोष्ट अशीच जाते. सोफा टोचतो म्हटलं, सोफा गेला. शिकवणीच्या सरांच्या अंगाला वास येतो म्हटलं, सर गेले. एखाद्याला चांगलं म्हणूनही निरोप देता येतो, हे त्या मुलानं कधी पाहिलेलंच नव्हतं. त्यानं मामाला जी जमते ती भेट दिली.

मामा ट्रंक घेऊन दुकानात आला तेव्हा खुशीत होता. त्या एका दुपारी त्यानं मला बसचा गिअर कसा टाकतात ते इस्त्रीच्या टेबलावर स्टीलची पट्टी धरून दाखवलं. संध्याकाळी मामीचा फोन आला. डेपोच्या साहेबांनी मोठ्या सरांना फोन लावला होता. तिकडून उत्तर आलं, "सिग्नल तोडतो. बघा तुम्ही. झालं?" साहेब मामीला म्हणाले, "वहिनी, तुमचं मन मोडवत नाही, पण गाडीभर माणसं बसतात."

मामा पट्टी हातात धरून उभाच राहिला. आई म्हणाली, "बस आता खाली." तो म्हणाला, "बसूनच तर होतो."

तळघरातली खोली गेली, डेपो गेला. मामा पडद्यामागच्या हातभर जागेत झोपायला लागला, पाय बाहेर आणि डोकं आरशाशी. दिवसा इस्त्री करायचा. गिऱ्हाईक कपडे घालून बघायला आलं की अंथरूण गुंडाळून उभा राहायचा. मला ते बघवेना. मी म्हटलं, "मी लावते डेपोला फोन. मोठ्या सरांच्या आवाजात." आणि करूनच दाखवलं, घसा खाली नेऊन. "'चूक झाली. माणूस चांगला आहे. ठेवा. कळलं? झालं?'"

आईच्या तोंडातल्या टाचण्या सांडल्या. मामासुद्धा हसला, फार दिवसांनी. मग इस्त्री उभी करून म्हणाला, "नको गं बये. आधीचंच खोटं एवढं झालंय, अंथरूण टाकायला जागा उरली नाही. त्यात आणखी एक कुठे ठेवू?"

काळी गाडी रोज येतच होती. आता नवीन ड्रायव्हर, मिशीवाला. तो गाडी थेट गेटला लावायचा, उतरून दार उघडायचा आणि छोटे सर आत जाईपर्यंत बघत राहायचा, पार्सल पोचवल्यासारखा. मग एका मधल्या सुट्टीत छोटे सर रस्ता ओलांडून आले. हातात एक पँट. मामा पाणी भरायला मागे गेला होता.

"हिचं जरा... करायचंय."

"घालून या," आई म्हणाली.

ते पडद्यामागे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आले ते पँट तशीच हातात घेऊन. आत त्यांना ट्रंक दिसली होती, अंथरूण दिसलं होतं आणि खिळ्यावर पांढरा शर्ट. तेवढ्यात मामा बादली घेऊन आला.

"मामा, तुम्ही इथे? तुम्ही तर डेपोत..."

मामानं बादली ठेवली आणि झालं ते सांगितलं. आवाज न चढवता.

"पण मी तर तुम्हाला सोडवलं," छोटे सर म्हणाले.

"सोडवलंत. दार उघडलंत, पण कपाळावर शिक्का मारून बाहेर घातलंत. तो शिक्का बघून पुढचं दार कोण उघडणार?"

छोट्या सरांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. कुणीच मदतीला गेलं नाही. आईनं तर मशीनवरचा पायही काढून घेतला. शेवटी त्यांनी फोन काढला आणि तोंडासमोर आडवा धरून लावला. पलीकडचंही सगळं ऐकू येत होतं.

"मीटिंगमध्ये आहे. बोल."

"बाबा, ड्रायव्हर सिग्नल तोडत नव्हते. मी खोटं सांगितलं."

"बरं."

"मी कॉलेजला जातच नव्हतो. गाडी रिकामी जायची."

मग आलं, "माहितीय."

मामा स्टुलावर बसला.

"माहितीय?"

"परीक्षेला बसला नाहीस तेव्हा कॉलेजमधून फोन आला होता. दुपारचं काय चालतं, तेही माहितीय. म्हटलं तुझ्या आईला कशाला... असू दे."

त्या 'असू दे'ला माझे कान उभे राहिले. तीच हवा, तसाच खाली पडणारा शब्द. इतके दिवस मला वाटत होतं की पंक्चर मुलाला झालंय.

"म्हणजे दाराला कडीच नव्हती," मामा स्वतःशीच पुटपुटला. "आणि मी आत बसून होतो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" छोटे सर फोनला विचारत होते.

"संध्याकाळी बोलू. झालं?"

"नाही झालं. मामांचं काय?"

"कुठले मामा?"

"ड्रायव्हर, बाबा. तुम्ही डेपोला फोन करा. त्यांना सांगा, माझ्या मुलानं खोटं सांगितलं होतं."

"बघतो."

"बघतो नाही. आत्ता. तुम्ही हो म्हणेपर्यंत मी फोन ठेवत नाहीये."

पलीकडे कुणीतरी खाकरलं, खुर्ची सरकली. मीटिंगमधल्या लोकांचीही पंचाईत झाली असणार. मग मोठे सर म्हणाले, "नंबर पाठव."

मोठ्या सरांनी फोन केला. काय बोलले माहीत नाही, तीनच शब्द असतील. पण पहिली तारीख उलटून गेली होती आणि ती जागा भरली होती. डेपोच्या साहेबांनी मामाला बदलीवर घेतलं. म्हणजे रोज पहाटे जाऊन शेडमधल्या बाकावर बसायचं. कुणी आजारी पडलं, कुणी आलं नाही, तर गाडी मिळणार. नाही तर संध्याकाळी घरी.

"म्हणजे तिकडेही बसूनच?" मी फोनवर विचारलं.

"बसूनच. लोक फार ठणठणीत तब्येतीचे आहेत इथले," मामा म्हणाला. "पण दुपारी तुझी मामी डबा घेऊन येते आणि विचारते, आज मिळाली का गाडी? नाही म्हटलं तरी परत दुसऱ्या दिवशी विचारते."

छोट्या सरांची पँट आमच्याकडेच टांगलेली आहे. आईच्या नजरेच्या मापानं ती त्यांना चोख बसते. उंची किती कमी करायची ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही आणि आईनं कात्री लावलेली नाही. मधल्या सुट्टीत ते येतात, स्टुलावर बसतात. आई रोज विचारते, "मग, झालं का काल संध्याकाळी बोलणं?"

"काल बाबांना जरा... जाऊ दे."

स्वयंपाकघराच्या दाराची किल्ली मित्रांपैकी कुणाकडे तरी राहिलीय. त्यामुळे हे इथे वर्गात आणि पार्टी तिकडे त्यांच्याच हॉलमध्ये, जोरात. परवा लिटरली ताईचा फोटो आला. 'लिटरली बेस्ट पार्टी. तू यायला हवा होतास.' छोट्या सरांनी तो बोटांनी मोठा केला आणि आईला दाखवला.

"ही माझी खोली. दिवा चालू राहिलाय बघा," ते म्हणाले.

"मग घरी जाऊन बंद करा," आई म्हणाली.

"सुटल्याशिवाय कसा जाऊ? गाडी उभी आहे."

घंटा झाली तसे ते उठून रस्ता ओलांडून गेले. झाडाखाली मिशीवाला पेंगत होता. संध्याकाळी तो त्यांना मागच्या सीटवर बसवून घेऊन जातो. मोठ्या सरांच्या फोनात निळा ठिपका पूर्वीच्याच रस्त्यानं, पूर्वीच्याच वेळेला घरी पोचतो. आत माणूस असला काय, नसला काय, ठिपका तसाच दिसतो.

मामाचा काल फोन होता. कुणाला तरी ताप आला म्हणून त्याला अर्ध्या दिवसाची बस मिळाली होती. माणसं कशी चढली, कशी भांडली, कोण कुठे उतरलं, सगळं सांगत बसला. ठेवताना म्हणाला, "आणि छोटे सर? गाडीत असतात ना हल्ली?"

"असतात," मी म्हटलं.

"काच खाली करायला सांग त्यांना," मामा म्हणाला. "पूर्ण खाली. थोडं बरं वाटतं."